मंगळूरला जायचंय? आधी घड्याळ बघा

वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात मी बोलता बोलता लिहून गेलो की बँकेच्या नोकरीत चार वर्षं मंगळुरात काढली, आणि तेवढ्या एका ओळीवर इतकी पत्रं आली की या वेळी बाकीचे प्रश्न बाजूला ठेवून सगळं मंगळूरच घेतोय. कुणाची पोरगी तिकडं शिकायला, कुणाचा जावई सुरतकलला, कुणाला नुसतं मासे खायला जायचंय. चला.

प्रश्न : काका, मुलीला मंगळूरला मेडिकलला ॲडमिशन मिळाली. ऑक्टोबरात तिला हॉस्टेलवर सोडायला आम्ही चौघं जाणार, तीन दिवस हातात आहेत. सासूबाई पक्क्या शाकाहारी, कांदा-लसूणसुद्धा नको, आणि ह्यांना मासे म्हणजे जीव की प्राण. यूट्यूबवर बघावं तर सगळे बीचच दाखवतात. तिथलं म्हणून खरं बघण्यासारखं, खाण्यासारखं काय आहे ते सांगा.
— एक आई, टिळकवाडी

उत्तर : वहिनी, आधी पोरीचं अभिनंदन. बीचचं म्हणाल तर एका संध्याकाळी सुलतान बत्तेरीला जा, तिथनं होडीत बसून नदी ओलांडली की पलीकडं तण्णीरभावीची वाळू. बत्तेरी म्हणजे टिपूनं १७८४ साली बांधलेला टेहळणीचा बुरूज, काळ्या दगडाचा, वर चढून उतरायला पाच मिनिटं पुरतात. झालं बीच.

आता मुद्द्याचं. मंगळूर हे कुठं जायचं यापेक्षा किती वाजता जायचं याचं गाव आहे. मला हे कळायला एक उपाशी रविवार खर्ची पडला. नोकरीवर हजर झाल्यावर पहिल्याच रविवारी अंघोळ-पांघोळ, कपडे धुणं सगळं आटपून तीन वाजता ऐटीत मासे खायला निघालो, एका खाणावळीत शिरलो तर खुर्च्या टेबलांवर उलट्या आणि एक पोरगं फरशी पुसतंय. मला बघून म्हणालं, "मीन खाली." मला वाटलं मासे खालच्या मजल्यावर मिळतात, मी आपला जिना शोधायला लागलो. कन्नड येत असून! मासे संपले असं बिचारं सांगत होतं. शेवटी शेजारच्या दुकानातली केळी खाऊन रूमवर आलो.

तर ह्यांना साडेबारा वाजता ताटावर बसवा, उशिरात उशीर एक. बोर्डावरची नावं तुळूत असतात, ती आधीच लिहून ठेवा. बांगडा म्हणजे बंगुडे, तारली म्हणजे बूताई, सुरमई म्हणजे अंजल, पापलेट म्हणजे मांजी, कोळंबी म्हणजे येट्टी, तिसऱ्या म्हणजे मरवाय, आणि आपल्याकडं मुडदुशी म्हणतात ती काणे. काणे रवा फ्राय मागवाच, नाजूक मासा आहे, गोव्याहून बर्फात आपल्याकडं येईपर्यंत त्याची मजा गेलेली असते. आणि बंगुडे पुळिमुंची. पुळि म्हणजे आंबट, मुंची म्हणजे मिरची, नावातच रेसिपी आली. मिरची ब्याडगी, त्यामुळं रंग बघून घाबरायचं काम नाही, आपल्या संकेश्वरीवर वाढलेल्या माणसाला ते तिखट म्हंजे काहीच नाही. भात मात्र विचारून घ्या. तिकडं ताटात उकड्या तांदळाचा जाड, लालसर भात पडतो, कुच्चलक्की म्हणतात. बेळगाव बासमतीची सवय असलेल्या माणसाला पहिला घास बटणं चावल्यासारखा लागतो पण माशाच्या आमटीबरोबर तोच खरा, दुसऱ्या दिवशी ह्यांनीच मागून घेतला नाही तर मला सांगा.

सासूबाईंची काळजी सोडा, खरं सांगायचं तर त्यांचीच चंगळ आहे. सकाळी साडेसात-आठला हॉटेलात बसवा आणि बन्स मागवा. बन म्हटल्यावर बेकरीतला पाव डोळ्यापुढं आणू नका. पिकलेलं केळं कुस्करून त्यात साखर, दही, जिरं, मैदा घालून पीठ रात्रभर ठेवतात आणि सकाळी जाडसर पुरीसारखं लाटून तळतात. वरनं तपकिरी, फोडलं की आत जाळी, चव गोडसर, आणि त्याबरोबर खोबऱ्याची झणझणीत चटणी. गरम आहे तोवरच मजा. मग नीर डोसा, नीर म्हणजे पाणी, तांदूळ वाटून पाण्यासारखं पातळ पीठ करायचं, आंबवायचं नाही, तव्यावर ओतायचं, रुमालासारखी घडी घालून वाढतात. फणसाच्या पानांच्या द्रोणात उकडलेल्या इडल्या दिसल्या तर सोडू नका, कन्नडमध्ये कोट्टे कडुबू आणि कोंकणी लोक खोट्टे म्हणतात. पानाचा वास असा उतरलेला असतो की सांबार घालायला जिवावर येतं. गौड सारस्वतांच्या पद्धतीचं जेवण मिळालं तर दाळीतोय, म्हणजे हिंगाच्या फोडणीचं साधं वरण, सासूबाईंना ताटातलं सगळ्यात ओळखीचं वाटेल ते. तरी चटणी-सांबारात कांदा-लसूण आहे का ते एकदा विचारून घ्यायचं, सगळी हॉटेलं सारखी नसतात.

नाश्ता झाला की ऊन चढायच्या आत कद्रीला. मंजुनाथाचं देऊळ. आत लोकेश्वराची काशाची मूर्ती आहे, तीन तोंडं, सहा हात, आणि तिच्यावरचा लेख इसवी सन ९६८ चा, आळुप राजाच्या काळातला. मूर्तीपुढं दोन मिनिटं नुसतं उभं राहा, हजार वर्षांपूर्वी असं ओतकाम करत होते यावर विश्वास बसत नाही. वर टेकडीवर जोगी मठ आहे आणि इथं आपला संबंध येतो बघा. नाशिकच्या सिंहस्थात त्र्यंबकेश्वरहून नाथजोग्यांची झुंडी निघते ती महिनोन्‌महिने पायी चालत या कद्रीला येते आणि मग इथं बारा वर्षांसाठी मठाचा नवा राजा गादीवर बसतो. मच्छिंद्र-गोरखांच्या गोष्टी लहानपणी ऐकल्या असतील सासूबाईंनी, त्यांना हे सांगा, पायऱ्या न कुरकुरता चढतील.

दुपारी जेवण झाल्यावर उकाडा असह्य होतो, दमट हवा आहे, बेळगावसारखं नाही. तेव्हा सेंट अलोशियस कॉलेजचं चॅपल गाठा. कॉलेज १८८० चं, जेझुइटांनी काढलेलं, आता अभिमत विद्यापीठ झालंय. चॅपलच्या आत भिंती, कमानी, छत सगळं चित्रांनी भरलंय, एक वीत जागा मोकळी नाही. अंतोनियो मोस्केनी नावाच्या इटालियन ब्रदरनं १८९९ पासून पुढची दोनेक वर्षं खपून हे काढलं. छताची चित्रं कॅनव्हासवरची आहेत पण भिंतीवरची ओल्या गिलाव्यावरची, म्हणजे गिलावा ओला आहे तोवरच रंग भरायचा, वाळला की काम थांबलं. रोज भरंल तेवढाच गिलावा लावायचा. मी ऑफिसातनं दर एक-दोन महिन्यांनी तिथं जाऊन बसायचो, धार्मिक कारण काही नाही, गार असतंय.

चारला गोळी बजे, म्हणजे मैद्याची गोल भजी. ताजा घाणा निघतो तेव्हाच खायचे, सहाला गेलात तर रबर. आणि रात्री हंपनकट्ट्याला गडबड, म्हणजे उंच ग्लासात आइस्क्रीमचे थर, मधे फळं, जेली, काजू. गडबड पहिल्यांदा उडुपीवाल्यांनी केलं की मंगळूरवाल्यांनी यावर दोन्हीकडचे लोक हमरीतुमरीवर येतात, तुम्ही त्यात पडू नका, खा.

दसऱ्याच्या दिवसांत पोचलात तर मग विचारूच नका. कुद्रोळीचं गोकर्णनाथेश्वर देऊळ, ज्याची प्रतिष्ठापना नारायण गुरूंनी १९१२ साली केली, तिथला दसरा मोठा. आणि गल्लीगल्लीतनं पिलि वेष, म्हणजे अंगभर पिवळे-काळे पट्टे रंगवून वाघ झालेली पोरं ताशाच्या ठेक्यावर नाचतात. मुलीचं हॉस्टेलचं रडणं तिथंच थांबेल.

प्रश्न : बेळगावहून रेल्वेनं जावं की बसनं? वय ६८, सोबत पत्नी. गाडी बदलावी लागते का?
— निवृत्त शिक्षक, शहापूर

उत्तर : सर, रात्रीची स्लीपर बस सरळ पडते, पण घाटात पोटातलं हलतं त्यांनी विचार करावा. रेल्वेनं लोंढा, मग घाट उतरून मडगाव, तिथं गाडी बदलून कोकण रेल्वे. वेळ जास्त जातो पण दूधसागरावरनं दिवसा जायला मिळालं तर तिकिटाचे पैसे तिथंच वसूल. एकच लक्षात ठेवा, मंगळूरला स्टेशनं दोन आहेत. सेंट्रल गावात आहे, जंक्शन गावाबाहेर, आणि केरळकडं जाणाऱ्या बऱ्याच गाड्या जंक्शनलाच थांबून पुढं निघतात. तिकिटावर काय लिहिलंय ते चष्मा लावून वाचा नाहीतर हॉटेल सेंट्रलजवळ आणि तुम्ही बॅगा घेऊन जंक्शनला.

प्रश्न : मी खानापूरचा, मराठी शाळेत शिकलेला. कन्नड बोलायला येतं पण बाजारापुरतं. सुरतकलला इंजिनिअरिंगला चाललोय. तिकडं मराठीला किंवा माझ्या कन्नडला लोक हसतील काय?
— विद्यार्थी

उत्तर : हसतील की! पण कसं हसतील ते ऐक. तुझं-माझं कन्नड धारवाडी वळणाचं, जेवण झालं का विचारताना आपण "ऊटा आत्रि?" म्हणतो. तिकडचं कन्नड पुस्तकातल्यासारखं स्वच्छ, "ऊट आयिता?" असं. कारण सोपं आहे, तिथं बऱ्याच जणांची घरची भाषा कन्नड नाहीच. घरात कुणाची तुळू, कुणाची कोंकणी, मुसलमान बॅरी लोकांची बॅरी, आणि कन्नड शाळेत शिकलेलं. म्हणजे तुझ्यासारखंच! मी पहिल्या आठवड्यात काउंटरवर एका आजोबांना "बर्रि, कूडरि" (या, बसा) म्हटलं तर आख्ख्या लाइनीनं माना वळवून बघितलं आणि मग चार वर्षं मला बघितलं की शिपाईसुद्धा "बर्रि, कूडरि" म्हणायचा. त्यात राग नव्हता, गंमत होती. तू त्यांच्या "मारायरे"ची गंमत कर, वाक्यामागं एक मारायरे असतोच, आपल्या "बघा की"सारखा.

भाषेवरनं आपल्याकडं जे ताणलेलं असतंय ना, कानाला सवय झालेली असते आपल्या, कोण कुठल्या भाषेत सुरुवात करतो ते आधी जोखायचं. तिथं ते नाही. एका दुकानात मालक गिऱ्हाइकाशी तुळू, बायकोशी कोंकणी, माझ्याशी कन्नड आणि फोनवर हिंदी, पाच मिनिटांत. गावाला नावंसुद्धा भाषेगणिक वेगळी. तुळूत कुड्ला, कोंकणीत कोडियाल, बॅरीत मैकाला.

मराठी म्हणशील तर कोंकणी माणसाशी हळू बोललास तर निम्मं त्याला कळतं आणि त्याचं निम्मं तुला. आमच्या घरमालकीणबाई रोज रात्री गॅलरीतनं "जेवण जालें?" विचारायच्या, त्याला काय भाषांतर पाहिजे? तुळू दोन वाक्यं पाठ कर. "एंच उल्लर?" म्हणजे कसे आहात, आणि "वणस आंडा?" म्हणजे जेवलात का. या दोन वाक्यांवर मला रिक्षावाल्यांनी सुट्टे पैसे सोडलेत.

तुझं कॉलेज, म्हणजे आताचं एनआयटीके, १९६० सालचं, म्हातारे लोक अजून जुन्या नावानं केआरईसीच (कर्नाटक रीजनल इंजिनिअरिंग कॉलेज) म्हणतात, गोंधळू नको. आणि आणखी एक, आवारालाच लागून समुद्र आहे. पोहता येत असलं तरी पावसाळ्यात पाण्यात उतरायचं नाही. मलप्रभेत पोहणं वेगळं आणि हे वेगळं.

प्रश्न : जूनमध्ये शाळा सुरू व्हायच्या आत मंगळूरला जाऊन पोटभर मासे खाऊन यावं म्हणतोय. कसं राहील?
— निपाणी

उत्तर : नका जाऊ. कर्नाटकच्या किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींना बंदी असते, माशांच्या विणीचा काळ. छोट्या नाडदोणी तेवढ्या जातात, त्यांचं जे येतं ते थोडं आणि महाग, हॉटेलात बर्फातलं. मे महिन्यात तरी उरका नाहीतर ऑगस्टचा मध्य उजाडू द्या. जूनमध्ये जायचंच असेल तर माशांचं नाव काढू नका, तेव्हा पत्रोडे खा. आपली अळूवडीच पण तिला तळायच्या आधी तांदूळ-मसाल्याचं पीठ लावून उकडतात आणि नुसती उकडलेलीसुद्धा वरनं खोबरेल घालून वाढतात. पावसात कोंबांची भाजीही मिळते, बांबूच्या. कोंबडीला मात्र बंदी नाही, कोरी रोट्टी बारा महिने. रोट्टी म्हणजे तांदळाचा पापडासारखा कुरकुरीत पत्रा, हातानं मोडून ताटात पसरायचा, वरनं नारळाच्या दुधातली कोंबडीची गस्सी ओतायची आणि लगेच तुटून पडायचं. निम्मी रोट्टी मऊ, निम्मी कुरकुरीत असते ती दोन-तीन मिनिटं. फोटो काढत बसलात तर लापशी होते.

प्रश्न : आजोबांचं घर पाडताना मंगळुरी कौलं उतरवली. एकाच्या मागं इंग्रजीत बासेल मिशन आणि १८६५ असं उठावाच्या अक्षरांत आहे. हे काय प्रकरण आहे? तो कारखाना बघता येईल का?
— नंदगड

उत्तर : ते कौल विकू नका बरं! भंगारवाला दहा रुपये देईल, घेऊ नका. स्वित्झर्लंडच्या बासेल गावचे मिशनरी १८३४ साली मंगळूरला आले. ख्रिस्ती झालेल्या लोकांना जातीच्या धंद्यातनं बाहेर पडावं लागायचं, त्यांना काम पाहिजे म्हणून विणकाम, छापखाना आणि १८६५ ला कौलांचा कारखाना काढला, नदीकाठच्या चिकणमातीचा. तुमच्या कौलावरचं साल कारखाना सुरू झाल्याचं आहे, कौल त्याच साली भाजलंय असं समजू नका. पण हलकं, एकात एक अडकणारं, पावसाला न गळणारं हे कौल असं चाललं की पुढं कुणीही तसलं केलं तरी नाव मंगळुरीच राहिलं, आपल्या खानापूरच्या कौलांनासुद्धा लोक मंगळुरीच म्हणतात की नाही? जुने कारखाने आता बहुतेक बंद पडलेत, धुराडी दिसतात कुठं कुठं. पण त्याच मिशनच्या हेर्मान म्योग्लिंगनं १८४३ साली 'मंगळूर समाचार' काढलं, कन्नडमधलं पहिलं वर्तमानपत्र, आणि किट्टेलचा कन्नड शब्दकोश १८९४ ला तिथंच छापला. बलमठाच्या बाजूला मिशनच्या जुन्या इमारती आहेत, एक सकाळ तिकडं चालत फिरा. मान वर करून छपरं बघत फिरा, पण रस्त्याकडं एक डोळा ठेवा, तिकडच्या सिटी बसवाल्यांचा नेम नाही.

प्रश्न : आम्ही जांबोटीकडचे, कोकणातला दशावतार बघत मोठे झालो. तसंच तिकडचं नाचगाण्याचं नाटक, यक्षगान, बघायचंय. तिकीट कुठं काढायचं? आणि भूताचा कोला, म्हणजे तो अंगात येण्याचा विधी, बाहेरच्या माणसानं बघितला तर चालतो का?
— दोघं भाऊ

उत्तर : मुळात तिकीटच नाही हो बऱ्याच ठिकाणी. मंगळूरहून पंचवीसेक किलोमीटरवर कटीलचं दुर्गापरमेश्वरीचं देऊळ आहे, त्या देवळाचे स्वतःचे मेळे, म्हणजे यक्षगानाची पथकं, आहेत. कुणी नवस बोललेला असतो, तो फेडायला आपल्या दारात खेळ लावतो, आणि सगळ्या गावाला मोकळं. बसायला प्लास्टिकच्या खुर्च्या, जेवणसुद्धा बऱ्याचदा. कुठल्या गावात खेळ आहे ते रोज स्थानिक कन्नड पेपरात येतं, हॉटेलच्या मॅनेजरला वाचायला सांगा.

पण परत घड्याळ, किंबहुना कॅलेंडरच! दिवाळीनंतर सुरू होतं आणि मे महिन्यात पत्तनाजे म्हणून दिवस असतो, साधारण २४ मेच्या आसपास, त्या दिवशी मेळे पायातले घुंगरू सोडतात आणि कोलाही थांबतात, पाऊस संपेपर्यंत. पूर्वी पहाटेपर्यंत चालायचं, आता बऱ्याच मेळ्यांचा खेळ मध्यरात्रीपर्यंत. मंगळूरकडची शैली तेंकुतिट्टू, उडुपीच्या वर बडगुतिट्टू. तेंकूत चेंडे वाजतंय ते कानठळ्या बसवणारं आणि राक्षस आला की प्रेक्षकांच्या मागनं, मशाली, राळ उडवत येतो. तुमच्या दशावतारातला संकासुर आठवेल. गाणारा भागवत मागं बसलेला असतो, आख्खा खेळ त्याच्या हातात, आणि पात्रं संवाद तिथल्या तिथं रचून बोलतात, लिहिलेलं काही नसतं. मला पहिल्या रात्री निम्मं कळलं नाही, तरी शेजारच्या म्हाताऱ्यानं रावणाच्या एका वाक्याला मांडीवर अशी थाप मारली, माझ्या मांडीवर, की जागाच झालो.

कोला मात्र खेळ नव्हे. तो त्या घराच्या, त्या गावाच्या दैवाचा, भूत म्हणजे तिथं राखणदार देव. ओळखीचं कुणी घेऊन गेलं तर जा, बघायला सहसा कुणी आडकाठी करत नाही. चपला लांब काढा, मोबाइल खिशात ठेवा, आणि कशाचाही फोटो विचारल्याशिवाय नको. आपल्याकडं देवीच्या अंगात आल्यावर कुणी तोंडापुढं कॅमेरा धरला तर आपण काय करू, तसंच.

प्रश्न : येताना काय आणावं?
— अनगोळ

उत्तर : काजू, कोकम, वाळवलेली बंगुडे (घरचे चालवून घेत असतील तर), आणि कोरी रोट्टीची पाकिटं. जाताना बेळगावचा कुंदा घेऊन जा आणि ज्यांच्याकडं उतरणार त्यांच्या हातात ठेवा, मग परतीच्या पिशवीत काय काय पडतंय बघा. रोट्टीचं पाकीट बसच्या डिकीत टाकू नका, मी टाकलं होतं. घरी येऊन फोडलं तर आत रवा. मांडीवर धरून आणायचं.